वकिलाची कमाई आणि सागरचे विद्यापीठ

निजामाच्या काळात नळदुर्ग हे जिल्ह्याचे ठाणे होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते धाराशिवला गेले आणि मागोमाग कचेऱ्याही गेल्या. आज बांधाचा वाद असो की भावकीतल्या वाटणीचा, मोठा दावा म्हटले की नळदुर्गचा माणूस धाराशिवची वाट धरतो आणि अपील झाले की छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाची. अपिलापर्यंत गेलेल्या दाव्यात एखादा एकर विकावा लागतो, हे इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. त्या एकराच्या पैशातला वकिलांच्या वाट्याचा भाग पुढे जातो कुठे? बहुतेक वेळा पुण्याच्या फ्लॅटमध्ये. त्यात बेकायदा काही नाही. फी कष्टाची असते. तरीही निवृत्तीला आलेला यशस्वी वकील आपल्या भागाचे काय देणे लागतो, हा प्रश्न विचारायला हवा, आणि तो विचारताना डॉ. हरिसिंग गौर यांचे नाव टाळता येत नाही.

गौर जन्मले 26 नोव्हेंबर 1870 रोजी, मध्य प्रदेशातल्या सागर गावात. हे गाव मराठ्यांच्या अमलाखाली गोविंदपंत बुंदेल्यांनी वसवले, वाढवले. घरची गरिबी. शिक्षण सागर, जबलपूर आणि नागपूरचे हिस्लॉप कॉलेज, मग केंब्रिज आणि बॅरिस्टरी. परत आल्यावर रायपूर आणि नागपूरकडच्या कोर्टांत त्यांनी वकिली केली. मालमत्ता हस्तांतराचा कायदा, भारतीय दंडविधान आणि हिंदू कायदा यांवरचे त्यांचे जाडजूड ग्रंथ वकिलांच्या टेबलावर कित्येक दशके होते. म्हणजे फीशिवाय पुस्तकांचीही कमाई. नागपूर नगरपालिकेचे ते अध्यक्ष होते. 1922 साली दिल्ली विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, पुढे नागपूर विद्यापीठाचेही कुलगुरुपद त्यांनी सांभाळले.

मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी केलेले काम तर आज जवळजवळ विसरले गेले आहे. जात वेगळी असलेल्या हिंदू जोडप्याला नोंदणी विवाह करायचा तर पूर्वी आपण हिंदू नाही असे लिहून द्यावे लागे. गौर यांच्या प्रयत्नाने झालेल्या 1923 च्या दुरुस्तीने ती अट गेली. त्याच वर्षी स्त्रियांना वकिलीचा मार्ग खुला करणारा कायदा झाला, त्याच्या मागणीतही गौर पुढे होते. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकून 1890 च्या दशकातच परतल्या होत्या, पण वकील म्हणून रीतसर उभे राहायला त्यांना या कायद्यापर्यंत थांबावे लागले. संमतिवयाबद्दल गौर यांनी आणलेल्या विधेयकाच्या पाठोपाठ सरकारने जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष सर मोरोपंत जोशी होते, अमरावतीचे वकील.

एवढी कारकीर्द झाल्यावर माणूस आत्मचरित्र लिहून स्वस्थ बसतो. गौर यांनी आत्मचरित्र लिहिले, पण स्वस्थ बसले नाहीत. 1946 साली, वयाच्या पंचाहत्तरीत, त्यांनी आयुष्यभराच्या कमाईतले 20 लाख रुपये देऊन 18 जुलै रोजी सागरमध्ये विद्यापीठ सुरू केले. पैसा नागपूरला किंवा दिल्लीला दिला असता तर सत्कार मोठे झाले असते, आणि दोन्हीकडे ते कुलगुरू राहिले होते. जबलपूरसारखे मोठे शहरही प्रांतात होते. त्यांनी निवडले ते जन्मगाव, जिथे विद्यापीठ येईल असे कुणी म्हटले नसते. पहिले वर्ग भरले ते मकरोनियाच्या लष्करी बराकींत. पाथरियाच्या टेकडीवरचे आवार नंतरचे. 25 डिसेंबर 1949 रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा मृत्युपत्रातही संपत्तीचा मोठा वाटा विद्यापीठाच्याच नावे होता.

गौर यांना साधू ठरवण्याचे कारण नाही. विद्यापीठाचे पहिले कुलगुरू ते स्वतःच झाले आणि शेवटपर्यंत राहिले. मानाची हौस त्यांना होती, आणि का नसावी? नावासाठी दान करणाऱ्याची आपण चेष्टा करतो, पण दानच न करणाऱ्याला जाब विचारत नाही, हा आपला जुना खोडसाळपणा. बघायचे ते एवढेच की नाव कशावर लागले. मराठवाड्यात देणगीदाराचे नाव बहुधा कमानीवर लागते, नाहीतर सभागृहाच्या संगमरवरी पाटीवर. सागरमध्ये पैसा शिकवण्याच्या कामी आला. तिथे 1950 च्या दशकात उपयोजित भूशास्त्राचा विभाग उभा राहिला तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे माजी संचालक डब्ल्यू. डी. वेस्ट यांच्या हातून, आणि हे इंग्रज गृहस्थ पुढे सागरचेच होऊन राहिले. फौजदारी कायद्यावर ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाच्या विद्यापीठात गुन्हेशास्त्र आणि न्यायवैद्यक विज्ञानाचा विभागही लवकरच निघाला.

शिकवण्यासाठी द्यायचे म्हणजे कसे, हे कलकत्त्याच्या दोन वकिलांनी त्याआधीच दाखवले होते. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष. घोष मराठी वाचकाला आठवतात ते 1907 च्या सुरत काँग्रेसमुळे. ज्यांच्या अध्यक्षपदावरून टिळक मंचावर चढले आणि जोडे-खुर्च्या उडाल्या, तेच हे. या दोघांच्या पैशावर 1914 साली कलकत्ता विद्यापीठाचे विज्ञान महाविद्यालय सुरू झाले. पालितांनी प्राध्यापकपदे निर्माण केली आणि त्यांवर भारतीयच नेमावेत अशी अट घातली. त्यांच्या नावाच्या भौतिकशास्त्राच्या पदासाठी 1917 साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी सरकारी हिशेबखात्यातली चांगल्या पगाराची नोकरी सोडली.

एका माणसाच्या पैशावर विद्यापीठ कायमचे चालत नाही, हेही तितकेच खरे. सागरला सरकारी अनुदान लागलेच आणि 2009 साली ते केंद्रीय विद्यापीठ झाले. मराठवाड्याचे विद्यापीठ 1958 साली निघाले ते लोकांच्या मागणीवर, सरकारी तिजोरीतून. त्याच्या आठ वर्षे आधी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले ते मात्र एका बॅरिस्टरच्या संस्थेने: डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने. आज मराठवाड्याचे विद्यापीठ त्यांच्याच नावाने ओळखले जाते. नळदुर्गपासून ते अडीचशे किलोमीटरपेक्षा लांब आहे. धाराशिवला त्याचे उपकेंद्र आहे. जिल्ह्यातून जाऊन मुंबई-पुण्यात नावारूपाला आलेल्या वकिलाला द्यायचेच असेल तर जागा शोधत फिरावे लागणार नाही.

त्यासाठी 20 लाखांची आणि नव्या विद्यापीठाची गरजही नाही. वकिली थांबली की एआयआरचे, म्हणजे न्यायनिर्णयांचे, खंड मुले रद्दीत घालतात. ते तालुक्याच्या कॉलेजला देता येतात, त्यासोबत ग्रंथपालाच्या पगाराला हातभार लागेल अशी कायम ठेवही. वाटणीच्या दाव्यात जमीन गेलेल्या घरातल्या मुलीची विधी महाविद्यालयाची पाच वर्षांची फी भरता येते. आणि आणखी एक काम फक्त वकिलालाच करता येते. दिवाणी वकिलाच्या हातून आयुष्यात कितीतरी मृत्युपत्रे लिहिली जातात. पक्षकार समोर बसून शेत कुणाला, घर कुणाला, दागिने कुणाला हे सांगत असतो. त्या वेळी वकिलाने सहज विचारावे: गावच्या शाळेला, कॉलेजला काही ठेवायचे का? बरेच जण नाही म्हणतील. पण वकिलाने स्वतःच्या मृत्युपत्रात ते कलम आधी घातलेले असेल, तर त्याला हा प्रश्न विचारताना संकोच वाटणार नाही.