लक्ष्याला पांचट म्हणण्याआधी

परवा विरार लोकलमध्ये मित्राशी वाजलं. म्हणे जॅकी चॅन-सॅमो हंगचा 'माय लकी स्टार्स' (१९८५) कल्ट, आणि महेश कोठारेंचा 'दे दणादण' (१९८७) पांचट, वर ढापलेला!

आता ढापलाय हे खरंच. लाल रंग दिसला की पोलिसाची शक्ती गायब, ही आयडिया 'सुपर फझ' (१९८०) या सिनेमातली. पण कोड आपणही रोज उचलतोच की! श्रेय ज्याचं त्याला द्यावं, एवढंच. लक्ष्मीकांत बेर्डेचं टायमिंग मात्र कुठूनच उचलता येत नाही.

कॉलेजात मीही लक्ष्यावर चोरून हसायचो. हाँगकाँगचा पोलीस धडपडला तर कूल, आपला धडपडला तर लाज? सबटायटल लागत नाहीत म्हणून विनोद हलका होत नाही, राव.