केसपेपरचे पैसे आणि जागतिक बँकेचे कर्ज

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या 2,418 संस्थांमध्ये तपासणी व उपचार निःशुल्क झाले. वडनेर भोलजीचा शेतमजूर मलकापूरला किंवा खामगावला सरकारी दवाखान्यात गेला, तर खिडकीवर त्याला आता पैसे मोजावे लागत नाहीत. पण सरकारी दवाखान्यात शुल्काचा आग्रह आला कुठून?

जागतिक बँकेने 1987 मध्ये विकसनशील देशांच्या आरोग्यखर्चावर धोरणपत्र काढले. रुग्णाकडून शुल्क घ्या, हा त्यातला ठळक सल्ला होता. आफ्रिकेतील अनेक कर्जबाजारी देशांत तो कर्जाच्या मागोमाग पोहोचला. महाराष्ट्रात 1999 पासून राबवलेला आरोग्य सेवा विकास प्रकल्पही याच बँकेच्या सुमारे 13.4 कोटी डॉलर कर्जावर उभा होता. त्यातून ग्रामीण, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालयांना इमारती आणि यंत्रे मिळाली, हे मान्य करायलाच हवे. सोबत शुल्कवसुलीवरही भर आला. जमा पैसा रुग्णालयाने स्वतःसाठी वापरावा आणि दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना माफी द्यावी, अशी मांडणी होती.

कागदावर ती ठीक दिसते. मात्र माफीसाठी कार्ड लागते आणि खरा गरीब अनेकदा त्या यादीबाहेरच असतो. शिवाय केसपेपर, रक्ततपासणी, एक्स-रे, एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी अशी बेरीज होते. मग माणूस आजार अंगावर काढतो. खोकला तीन आठवडे चालतो आणि क्षयरोग घरातल्या लेकरापर्यंत जातो. रक्तदाबाची गोळी मध्येच सुटते आणि पुढे पक्षाघाताचा रुग्ण येतो, ज्याचा खर्च माफ केलेल्या शुल्काच्या कितीतरी पट असतो. युगांडाने 2001 मध्ये शुल्क रद्द केले, तेव्हा दवाखान्यांत गरिबांची गर्दी एकदम वाढली. आजार आधीही होतेच.

आपल्याकडची माफी अर्धीच आहे. 2023 चा निर्णय वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांना लागू नव्हता. बुलडाण्याचा गंभीर रुग्ण अकोल्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात पाठवला जातो, म्हणजे नेमका त्याच दारात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आशियाई विकास बँकेने राज्यातील वैद्यकीय शिक्षण आणि वरच्या स्तरावरील उपचारांसाठी 50 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. त्यातून चार नवी महाविद्यालये व रुग्णालये उभारायची आहेत. त्या रुग्णालयांत केसपेपरला किती पैसे पडणार, हे विधिमंडळात आत्ताच विचारायला हवे.