एक वस्तु, दोन कामें

आमच्या लहानपणीं घरांतील वडील मंडळी यात्रेस निघाली, म्हणजे खांद्यावर एक पंचा असे. स्नानानंतर तोच अंग पुसण्यास, उन्हांत तोच डोक्यास, आणि वाटेंत कांहीं जिन्नस मिळाले कीं गांठोडें बांधण्यासही तोच. त्या पंचाची आठवण आम्हांस परवां निराळ्याच प्रसंगानें झाली.

आमचा पुतण्या हिमालयांतील एका शिखराच्या चढाईस निघाला होता. माजघरांत सामान मांडून तो एकेक वस्तु काट्यावर तोलीत होता. साठ मीटरांचा दोरच सुमारे पावणेचार किलो भरतो. तेव्हां बाकीच्या वस्तूंनीं दोन तरी कामें केलींच पाहिजेत, असा त्याचा बाणा. चालतांना टेकावयाच्या काठ्या, त्याच रात्रीं तंबूचे खांब. उघड्यावर रात्र काढण्याची वेळ आली, तर दोराचें वेटोळें अंगाखालीं आणि पाय रिकाम्या पाठपिशवींत. सोबत्याचा दोर सांभाळण्याचें यंत्र हरवलें, तर रुंद, स्क्रूनें बंद होणाऱ्या कॅराबिनरवर मुंटर गांठ घालून तें काम भागतें. बर्फांत तंबूच्या मेखांऐवजीं आईस-ॲक्सच रोवावयाची.

हा सोस केवळ हौसेचा नव्हे. ओझें हलकें, तर चाल जलद. आणि चाल जलद, तर हिमकड्यांखालीं व वादळाच्या तडाख्यांत कमी वेळ. १९३४ मध्यें एरिक शिप्टन व बिल टिलमन हे अवघ्या तीन शेर्पांसह ऋषिगंगेच्या घळींतून नंदादेवीच्या पायथ्याशीं पोंचले. १९७५ मध्यें राइनहोल्ड मेसनर व पीटर हाबेलर या दोघांनींच आठ हजार मीटरांहून उंच असें पहिलें गाशेरब्रुम गाठलें, तेंही प्राणवायूच्या नळकांड्यांवांचून.

आमच्या मातोश्री वाती वळीत हें सर्व ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, रात्रीं वादळ झालें आणि तुला बाहेर पडावें लागलें, तर ती कुऱ्हाड हातांत घेशील, कीं तंबूला ठेवशील?”

पुतण्या क्षणभर निरुत्तर झाला. मग त्यानें झोपण्याच्या पिशवीची रिकामी खोळ पुढें ओढली. हिच्यांत बर्फ भरून, दोरी बांधून ती खोल पुरली व वरचा बर्फ तुडवून घट्ट केला, म्हणजे तीही तंबू धरून ठेवते. वजन वाढलें नाहीं, आणि कुऱ्हाड मोकळी राहिली. “आजी, हें मला सुचलें नव्हतें,” असें तो मोकळेपणानें म्हणाला.

दुसरी एक मर्यादा त्यानेंच सांगितली. स्लिंग म्हणजे शिवून वळें केलेली मजबूत पट्टी. ती खडकाभोवतीं घातली कीं आधार होतो. परंतु पन्नासएक ग्रॅमांचा कॅराबिनर वांचविण्यासाठीं कोणी दोर थेट तिच्यांतून ओवून सोबत्यास खालीं सोडूं लागला, तर सरकत्या दोराच्या घर्षणानें ती वितळून तुटते. डायनीमाची पट्टी तर सुमारे १४५ अंश सेल्सिअसलाच वितळते. तेथें काटकसर म्हणजे जिवाशीं खेळ.

पंचाचीं कामें एकामागून एक येत, म्हणून तो सर्वांना पुरत असे. आमच्या वाचकांच्या घरांतूनही अशी मुलें-मुली डोंगरांत जात असतील. त्यांस निरोप देतांना “सगळें घेतलेंस ना?” असें विचारण्याचा आपला परिपाठ आहे. त्यासोबत आणखी एवढेंच विचारावें: “एकाच वस्तूचीं दोन्हीं कामें एका वेळीं आलीं, तर काय करशील?”