आरएनएची चाचणी आणि वैद्याचा हात

स्तनाच्या कर्करोगाच्या संदर्भात ‘लाँग नॉन-कोडिंग आरएनए’ हा शब्द अलीकडे वारंवार वाचनात येतो. दोनशेहून अधिक न्यूक्लिओटाइड लांबीचे, स्वतः प्रथिन न घडविणारे, परंतु अन्य जनुकांच्या कार्यावर प्रभाव टाकणारे हे रेणू होत. त्यांपैकी ‘हॉटेअर’चे प्रमाण स्तनातील अर्बुदात वाढलेले असल्यास रोग शरीरात अन्यत्र पसरण्याचा संभव अधिक, असे २०१० मध्ये ‘नेचर’ नियतकालिकातील संशोधनाने दाखविले. प्रोस्टेट ग्रंथीसाठी याच वर्गातील ‘पीसीए-३’ची मूत्रचाचणी २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यही झाली. म्हणजे ही दिशा काल्पनिक नव्हे.

तथापि स्तनासाठी अशी रक्तचाचणी अद्याप नित्य व्यवहारात आलेली नाही. प्रयोगशाळांत आज उपलब्ध असलेली ‘सीए १५-३’ही प्राथमिक निदानासाठी नाही. तिचा अहवाल प्राकृत आला म्हणून गाठ निर्दोष ठरत नाही. म्हणून अशा अहवालावर विसंबून रुग्णेला धीर देणे आम्हांस धोक्याचे वाटते.

याउलट, हाताने केलेल्या परीक्षेचे मोल मुंबईतच सिद्ध झाले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये आरंभिलेल्या अभ्यासात ३५ ते ६४ वर्षांच्या १,५१,५३८ स्त्रियांचा समावेश होता. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी स्तनपरीक्षा करीत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रोग अलीकडच्या अवस्थेत सापडू लागला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र असा लाभ दिसला नाही.

दर्शन, स्पर्शन, प्रश्न ही तर आपलीच त्रिविध परीक्षा! सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात स्तनरोग, ग्रंथी व अर्बुद यांचे वर्णन केले आहे. न दुखणारी कठीण गाठ, त्वचेला पडलेली खळी, नव्याने आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून येणारा रक्तस्राव, काखेतील गाठ, यांपैकी काहीही आढळल्यास लेप व गुग्गुळकल्प देऊन महिने घालविणे योग्य नव्हे. सोनोग्राफी, मॅमोग्राफी व बायॉप्सी यांसाठी रुग्णेस त्वरित पाठवावे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथून परळ लोकलने गाठता येते. औषधी दुकानदार बंधूंनीही गाठीसाठी औषध मागणाऱ्या भगिनीस आधी तपासणीचा आग्रह धरावा. संकोच असल्यास स्त्रीवैद्यांकडे पाठवावे.

आरएनएच्या संशोधनाचे आम्ही स्वागतच करतो. ते सिद्ध होईपर्यंत हाताला लागलेली गाठ थांबणार नाही, हे मात्र विसरू नये.