किंगरीचं शुद्धीकरण

जुन्या तंतुवाद्यांच्या ध्वनिमुद्रणात प्रयोग व्हायला हवेत, असं हल्ली सगळेच म्हणतात. प्रयोगाला माझी हरकत नाही. प्रयोग म्हणून जे खपवलं जातं त्याला आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या परधानांची किंगरी घ्या. ती स्टुडिओत आणायची, घोडीपाशी माइक चिकटवायचा, गजाची खरखर संगणकावर पुसायची, सूर ४४० च्या मापात बसवायचे, खाली सिंथेसायझरची गादी अंथरायची आणि चार मिनिटांच्या तुकड्याला ‘जंगलाचा आवाज’ असं नाव द्यायचं. यात नवीन काय शोधलं म्हणे?

किंगरी हे परधानांचं गजानं वाजणारं वाद्य. कोरलेल्या लाकडावर कातडं ताणलेलं, आणि जुन्या घडणीत तारासुद्धा घोड्याच्या केसांच्या. केसांची जुडी केसांच्या गजानं घासली की सुराबरोबर श्वासासारखा एक घरघराट येतो. ती खरखर म्हणजेच वाद्य. ती काढून टाकल्यावर उरतं ते कुठलंही सारंगीसारखं काहीतरी. परधान हे गोंडांचे वंशपरंपरागत गायक. कुळाच्या कथा, देवांच्या कथा ते यजमानाच्या दारी किंगरीवर गातात, आणि समोर बसलेला यजमान त्या कथेतलाच असतो. फ्यूरर-हाइमेनडॉर्फनं १९४० च्या दशकात शेजारच्या आदिलाबादेत राहून या गाथांबद्दल लिहिलं, तेव्हा गायकाइतकाच तो ऐकणाराही त्याच्या लेखनात आला. आपल्या मुद्रणांत मात्र ऐकणारा काचेपलीकडे, हेडफोन लावून.

‘शुद्ध’ हा शब्द सिंदेवाहीत तरी जपून वापरावा. इथून जवळ, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडत निवडत ‘एचएमटी’ हा तांदूळ तयार केला. कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्रानं १९९४ मध्ये प्रयोगासाठी त्यांच्याकडून बियाणं नेलं आणि १९९८ मध्ये विद्यापीठाचं वाण ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावानं बाहेर आलं. विद्यापीठाचं म्हणणं, आम्ही बियाण्याचं शुद्धीकरण केलं. दादाजी २०१८ मध्ये गेले. तांदूळ देशभर शिजतो. सूर नेऊन ‘स्वच्छ’ करणाऱ्यांनी ही गोष्ट एकदा नीट ऐकावी. स्वच्छ करणारा मालक होतो, ही रीत या मुलखाला चांगली ठाऊक आहे.

युरोपात जुन्या संगीताच्या मंडळींनी प्रयोग केले ते उलट्या दिशेनं. आर्नल्ड डोल्मेच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विस्मरणात गेलेली वाद्यं पुन्हा घडवत बसला. पोलादी तारांऐवजी आतड्याच्या तारा लावल्या की गजाचा दाब बदलतो, लय बदलते, गाणाऱ्याला गळा कमी ताणावा लागतो, हे पुढच्या वादकांना वाजवूनच कळलं. बरोक संगीतासाठी ४४० सोडून ४१५ ची पट्टी रूढ झाली. तिथे वाद्य सांगेल तसं मुद्रण वाकलं. आपल्याकडे किंगरीला लोखंडी तार लावून कीबोर्डच्या पट्टीला बांधतात. गायकाच्या गळ्यानुसार लागणारं हे वाद्य, त्याला कसली आली ठरीव पट्टी?

मग सबब येते : एवढं लांबलचक, खरखरीत कोण ऐकणार? हे झाडीपट्टीत येऊन सांगायचं म्हणजे कमाल आहे. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटांच्या निमित्तानं इथली माणसं थंडीत रात्रभर नाटक बघतात, आणि सकाळी धान मळायला जातात. चार मिनिटांची मर्यादा श्रोत्यांची नाही. ती जुन्या तबकडीची होती. आता तर तबकडीही उरली नाही, मर्यादा तेवढी आपण जपून ठेवली आहे.

दुसरी सबब : नवं रूप दिलं तरच परंपरा टिकेल. जनगढसिंह श्याम हे परधानच. त्यांच्या चित्रांनी जगभर नाव कमावलं, ‘गोंड चित्रकला’ हा बाजार उभा राहिला. रेषेचं भलं झालं, छानच. पण ज्या गाण्यांतून ती रेषा आली, त्यांच्या वाद्याला त्या बाजारात किती जागा आहे?

मला हवा तो प्रयोग कंटाळवाणा आहे. यजमानाचं अंगण, सबंध रात्र. एक माइक गायकापासून हातभर, दुसरा ऐकणाऱ्यांच्या मधोमध. कुत्री, खोकला, हुंकार सगळं राहू द्यावं. त्याच गायकाकडून तोच प्रसंग एकदा केसांच्या तारांवर आणि एकदा लोखंडी तारांवर गाऊन घ्यावा, आणि काय बदललं ते त्यालाच विचारावं. आर्नल्ड बाके यांनी १९३८-३९ मध्ये दक्षिणेत केलेली मुद्रणं घेऊन नझीर जैराजभॉय आणि एमी कॅटलिन १९८४ मध्ये पुन्हा त्या गावांत गेले, लोकांना ती ऐकवली. जैराजभॉयांच्याच पुढाकारानं १९८२ मध्ये पुण्यात सुरू झालेलं संगीत-अभिलेखागार पुढे दिल्लीकडे गेलं. म्हणजे ही पद्धत आपल्याला परकी नाही. फक्त पंचेचाळीस वर्षं थांबण्याची गरज नाही. पहिली प्रत गायकाच्या घरी, दुसरी यजमानाच्या, तिसरी तालुक्याच्या वाचनालयात, आणि करारावर गायकाचं नाव ‘सहभागी कलाकार’ म्हणून तळाशी नको, सगळ्यात वर.