आधी नेट, मग वायफाय

गेल्या शनिवारी पुण्याहून सोलापूरला घरी पोचतोय तोवर जुळे सोलापुरातल्या मामाचा फोन. "विंडोज टेन बंद झालं म्हणे, आता ह्या डब्याचं काय करू?" बंद वगैरे काही झालेलं नाही, १४ ऑक्टोबर २०२५ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला. पण त्या लॅपटॉपवर विंडोज ११ बसत नाही, आणि डिप्लोमाला असलेल्या मामेभावाला पायथन शिकायचंय. म्हटलं, लिनक्स टाकू.

माझ्याकडच्या पेन ड्राइव्हवर जुनं डेबियन ११ होतं. अर्ध्या वाटेत इन्स्टॉलर म्हणतो, वायफाय कार्डाची फर्मवेअर फाइल द्या. फाइल कुठाय? नेटवर. नेट कशावर? वायफायवर! शेवटी मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग केलं, नॉन-फ्री विभागातून फाइल उतरवली आणि कार्ड जिवंत झालं. तोवर मामीचा चहा दोनदा गार झाला होता.

गंमत अशी की ड्रायव्हर कर्नलमध्ये असतोच. फर्मवेअर म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या प्रोसेसरवर चालणारा छोटा प्रोग्रॅम. बहुतेक कंपन्या त्याचा सोर्स देत नाहीत, म्हणून डेबियनवाले तो अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घालत नसत. पण तोच बंद प्रोग्रॅम कारखान्यात कार्डावरच्या चिपमध्ये भरून आला तर कुणाची हरकत नव्हती! हे सोवळं मला कधीच कळलं नाही.

२०२२ साली डेबियनने मतदान घेऊन नियम बदलला आणि जून २०२३मध्ये आलेल्या डेबियन १२च्या इन्स्टॉलरमध्ये फर्मवेअर आलं. माझ्या मते योग्य केलं. कंपन्यांवरचा दबाव कमी होतो हा आक्षेप खरा आहे, मान्य. अथेरॉसची जुनी पीसीआय कार्डं फर्मवेअर फाइल न मागता चालतात, म्हणजे तसं करता येतं. पण दबाव आणायचा तो कंपनीवर, सोलापुरातल्या डिप्लोमाच्या पोरावर कशाला?

असो. सेकंडहँड लॅपटॉप घेणार असाल तर दुकानातच लाइव्ह पेन ड्राइव्ह लावून वायफाय जोडून बघा. नाही जोडलं तर 'एलएसपीसीआय' चालवून चिपचा नंबर टिपून घ्या आणि घरी येऊन शोधा. दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू दे.