न पाहिलेल्या देशांची यादी

पश्चिम रेल्वेच्या डहाणू मार्गावर, पालघर आणि बोईसर यांच्या मध्ये, उमरोळी हे लहानसे स्थानक आहे. सकाळच्या गाडीला येथून कारखान्यांत जाणारे कामगार चढतात, मुंबईची नोकरी करणारे चढतात आणि खरेदीस निघालेले व्यापारीही चढतात. या पट्ट्यातील व्यापारी कुटुंबांत आता दिवाळीच्या सुटीत परदेशी जाण्याची बोलणी सहज निघतात. मुले आफ्रिकेचे नाव काढतात, तर वडीलधारी म्हणतात, "तिकडे दिवसाढवळ्या लुटतात." कोणी चीनचा विषय काढला, तर "तिथली माणसे काय खातील याचा नेम नाही" असे उत्तर येते. पाकिस्तानचे नाव तर निघतच नाही. बोलता बोलता न जाण्याच्या देशांची एक यादी तयार होते. ती करणाऱ्यांपैकी बहुधा कोणीही त्या देशांत पाऊल ठेवलेले नसते.

अशी यादी आजचीच आहे असे नाही. एकोणिसाव्या शतकात ती फार लहान होती, कारण तिच्यात एकच नोंद होती: समुद्रापलीकडचे सर्व काही. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, ही समजूत अनेक जातींत पक्की होती. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी 1883 मध्ये वैद्यकाच्या शिक्षणासाठी अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांच्यावर टीकेचा वर्षाव झाला. त्या देशात त्यांना आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटर बाईंची आणि त्यांची ओळख पत्रांतून झालेली होती. एका मिशनरी नियतकालिकात गोपाळराव जोशी यांचा पत्रव्यवहार वाचून त्या परक्या स्त्रीने आपणहून पत्र पाठविले होते. आनंदीबाई 1886 मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यात निवर्तल्या. त्यांच्या अस्थी अमेरिकेस गेल्या आणि पोकीप्सी गावी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या. जो देश धर्म बुडवील म्हणून भय घातले गेले, त्या देशातील एका घराने त्यांना आपल्या पूर्वजांच्या शेजारी जागा दिली.

जैन समाजापुढे हाच प्रश्न 1893 मध्ये उभा राहिला. शिकागो येथील सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंद सूरी, म्हणजेच आत्मारामजी महाराज, यांना आले. मुनिधर्मानुसार वाहनप्रवास वर्ज्य असल्याने त्यांनी स्वतः जाणे शक्य नव्हते. त्यांनी वीरचंद राघवजी गांधी यांना पाठविले. महुव्यात जन्मलेले वीरचंदभाई मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे पदवीधर होते. जैन असोसिएशन ऑफ इंडियाचे मानद चिटणीस म्हणून त्यांनी शत्रुंजयाच्या यात्रेकरूंवरील कराचा तंटा मिटविण्यात मोठा वाटा उचलला होता. समाजाचे काम इतक्या निष्ठेने करणाऱ्या या गृहस्थाच्या समुद्रप्रवासालाही विरोध झालाच.

परिषदेत त्यांना पूर्वग्रहाची दुसरी बाजू दिसली. भारताविषयीची अमेरिकनांची यादीही तयारच होती. एका धर्मोपदेशकाने भारतीय मंदिरांतील स्त्रियांवरून हिंदू धर्मावर चिखलफेक केली, तेव्हा वीरचंदभाईंनी सभेसमोर उभे राहून त्याला उत्तर दिले. स्वतः जैन असूनही त्यांनी सर्व भारतीय समाजाची बाजू घेतली. अमेरिकेच्या कडाक्याच्या थंडीतही त्यांनी शाकाहार सोडला नाही. स्वामी विवेकानंदांनी 1894 च्या एका पत्रात या निष्ठेचा कौतुकाने उल्लेख केला आहे. त्याच पत्रात त्यांनी खंतही व्यक्त केली आहे: अमेरिकन लोकांना हा माणूस आवडतो, आणि त्याला पाठविणारा समाज मात्र त्याला बहिष्कृत करू पाहतो.

ती खंत खरी ठरली. वीरचंदभाई परतल्यावर त्यांना संघाबाहेर काढण्याची मागणी झाली आणि आत्मारामजी महाराजांना त्यांच्या पाठीशी उभे राहावे लागले. पुढे 1896-97 च्या भीषण दुष्काळात भारतासाठी अमेरिकेत मदत गोळा झाली आणि मक्याने भरलेले जहाज तेथून निघाले. ती मदत मिळविण्यासाठी झटणाऱ्यांत वीरचंदभाई होते. 1901 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ज्या देशाचे पाणी पिणेही बाटविणारे मानले गेले, त्या देशाचे धान्य येथील भुकेल्यांच्या मुखी पडले. त्या धान्याला कोणी जात विचारल्याचे ऐकिवात नाही.

व्यापारी समाजाने ही यादी सर्वांत आधी मोडली, कारण पोटाला आणि पेढीला यादी परवडत नाही. हालारच्या खेड्यांतील ओसवाल कुटुंबे केनियात गेली, तेथे दुकाने थाटून राहिली आणि 1963 मध्ये मोंबासा येथे त्यांनी शिखरबद्ध जिनालय उभारले. जपानमधील कोबे येथे मोत्यांच्या व्यापारासाठी स्थायिक झालेल्यांनी 1985 मध्ये महावीर स्वामींचे मंदिर बांधले. जेथे काय खावे याची आज घरबसल्या चिंता केली जाते, तेथे त्याच समाजाच्या माणसांनी कित्येक दशके पर्युषण पाळले आहे.

भय नेहमीच निराधार असते असे मात्र नाही. युगांडात इदी अमीनने ऑगस्ट 1972 मध्ये आशियाई वंशाच्या लोकांना 90 दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. पिढ्यान्‌पिढ्या उभे केलेले व्यापार एका सुटकेसच्या आकाराचे झाले. त्या काळी युगांडाला जाऊ नये असे सांगणारा माणूस पूर्वग्रहदूषित नव्हता, तो शहाणा होता. पण 1990 नंतरच्या दशकात तेथील सरकारने या लोकांना परत बोलाविले, अनेकांच्या मालमत्ता परत केल्या, आणि कित्येक कुटुंबे पुन्हा तेथे उभी राहिली. आजही युगांडाचे नाव निघताच जो केवळ 1972 सांगतो, त्याची माहिती खोटी नाही. तिची मुदत संपलेली आहे.

बँकेच्या व्यवहारात ही गोष्ट फार स्पष्ट असते. तारापूरच्या एमआयडीसीतून माल परदेशी जातो, तेव्हा व्यापारी ग्राहकाचा चेहराही पाहत नाही. परदेशातील बँक लेटर ऑफ क्रेडिट देते, कागदपत्रे बरोबर असली की पैसे देण्याची हमी घेते, आणि त्या हमीवर माल जहाजात चढतो. निर्यातीचा पैसा बुडण्याच्या जोखमीवर विमा देणारी ईसीजीसी ही सरकारी संस्था 1957 पासून काम करते. ती देशांचे जोखमीप्रमाणे वर्ग पाडते. म्हणजे तिच्याजवळही एक यादी असते. परंतु ती यादी वेळोवेळी तपासली जाते. राजवट बदलली, युद्ध थांबले, परकीय चलनाची स्थिती सुधारली, की देशाचा वर्ग बदलतो. जो व्यापारी आपला माल अशा सुधारलेल्या यादीवर भरवसा ठेवून पाठवितो, तोच आपल्या मुलाला पाठविताना आजोबांच्या काळातील यादी काढतो. मालापेक्षा मूल अनमोल आहे, हे मान्य. पण म्हणूनच त्याच्याबाबतची माहिती मालाच्या माहितीहून जुनी असू नये.

या पट्ट्यातील लोकांना तर हा विषय अधिक जवळचा वाटावयास हवा, कारण ते स्वतःच दुसऱ्यांच्या यादीत आहेत. तारापूरला देशातील पहिले अणुवीज केंद्र 1969 मध्ये सुरू झाले. तेव्हापासून "अणुभट्टीशेजारी माणसे राहतात तरी कशी?" असा प्रश्न येथील लोकांना बाहेरगावी ऐकावा लागतो. बोईसरच्या कारखान्यांचे प्रदूषण हे सत्य आहे, आणि त्याची झळ येथील नाले, खाडी व मासेमारी करणाऱ्यांना बसते हेही सत्य आहे. एप्रिल 2020 मध्ये डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे अफवेने भडकलेल्या जमावाने दोन साधूंची आणि त्यांच्या वाहनचालकाची हत्या केली. त्या दिवसानंतर देशभरातील लोकांसाठी पालघर हे नाव त्या एका रात्रीचे नाव झाले. मुलीच्या विवाहाची बोलणी चालू असताना समोरच्या घराने पालघर, बोईसर म्हणताच क्षणभर गप्प व्हावे, हा अनुभव किती बोचतो हे येथील आईबापांना सांगावे लागत नाही. अशा वेळी ते कळवळून सांगतात की सगळा जिल्हा तसा नाही. येथे चिकूच्या बागा आहेत, कष्टाळू माणसे आहेत, देरासर आहे, शाळा आहेत, चांगले शेजारी आहेत. तंतोतंत हेच उत्तर नैरोबीचा, लाहोरचा आणि शांघायचा गृहस्थ देत असेल.

ती हत्याही अनोळखी प्रवाशाविषयीच्या भयातूनच घडली, हे विसरता येत नाही. रात्री गावाजवळून जाणारी परकी माणसे चोर असणार, हे आधी ठरले आणि ती कोण आहेत हे विचारणे राहून गेले. पूर्वग्रह घरातील गप्पांत असतो तोवर निरुपद्रवी वाटतो; तो जमावाच्या हाती गेला की काय होते, ते या जिल्ह्याने पाहिले आहे.

जैन दर्शनाने यावर फार जुना उपाय सांगितला आहे. अनेकांतवादानुसार वस्तूला अनंत धर्म असतात आणि प्रत्येक विधान एका अपेक्षेनेच खरे असते. देश ही तर फार मोठी वस्तू आहे. "तेथे लुटमार होते" हे एका नयाने खरे असेल. तेवढेच संपूर्ण सत्य आहे असे म्हटले की तो एकांत झाला. प्रवाशालाही हा नियम लागू आहे. सात दिवसांच्या सहलीत बसच्या काचेतून पाहून, सोबत नेलेल्या महाराजाच्या हातचे जेवून परत आलेला माणूस "तो देश स्वर्ग आहे" म्हणतो, तेव्हा तोही एकांतातच बोलतो. भोजनाची शुद्धता सांभाळणे हा व्रताचा भाग आहे, त्यात पूर्वग्रह नाही. परंतु जेवणाच्या डब्याबरोबर मनही बंद ठेवून फिरले, तर प्रवासाचा खर्च होतो आणि अनुभव मिळत नाही. कोणा दुकानदाराशी, टॅक्सीवाल्याशी, शेजारी बसलेल्या आजीशी चार शब्द बोलल्याखेरीज देश भेटत नाही.

म्हणून न जाण्याचा निर्णय घेण्यात काही गैर नाही. युद्ध चालू असेल, परराष्ट्र मंत्रालयाने जाऊ नये असे कळविले असेल, प्रकृती साथ देत नसेल, तर घरी राहावे. मात्र न जाण्याचे कारण आणि तेथील माणसांविषयीचे मत या दोन नोंदी वेगवेगळ्या खात्यांत ठेवाव्यात. सावधगिरी एका खात्यात आणि तिरस्कार दुसऱ्या खात्यात लिहिला, की कोणत्या खात्यात किती शिल्लक आहे हे आपोआप दिसू लागते.

वीरचंदभाईंना शिकागोला धाडणाऱ्या आत्मारामजी महाराजांचा देह 1896 मध्ये गुजरांवाला येथे पडला. त्यांची समाधी तेथेच आहे. फाळणीनंतर ते गाव पाकिस्तानात गेले. त्यांचे पट्टशिष्य आचार्य विजयवल्लभ सूरी 1947 च्या त्या भयंकर दिवसांत तेथेच होते. तेथून ते भारतात आले आणि 1954 मध्ये मुंबईत कालधर्म पावले. 2023 मध्ये याच परंपरेतील आचार्य धर्मधुरंधर सूरी साधूंसह वाघा सीमा पायी ओलांडून गुजरांवाल्यास गेले आणि गुरुसमाधीचे दर्शन घेऊन परतले.

दरवर्षी संवत्सरीला प्रत्येक घरातून "मिच्छामि दुक्कडम्" म्हटले जाते. ती क्षमा सर्व जीवांची मागितली जाते, आणि सर्व जीवांत गुजरांवाल्याचे रहिवासीही येतात. यंदा दिवाळीला नव्या वह्यांचे पूजन होईल, तेव्हा न जाण्याच्या देशांची ती जुनी यादीही एकदा काढून पाहावी. तिच्यातील प्रत्येक नोंदीसमोर कोणाचा अनुभव, कोणत्या सालचा, एवढे दोनच रकाने भरावयाचे आहेत.